आईला पोचवायला कोण कोण आलं

३ मार्च

ताई,

आई गेल्याचं मला इथल्या अधीक्षकांनी सांगितलं. त्यांनी खोलीत बोलावून खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी समजलो. तुरुंगात कच्च्या कैद्याला खुर्ची उगाच मिळत नाही. घरी जाऊन यायच्या परवानगीचा अर्ज मी तिथल्या तिथे लिहून दिला. परवानगी आली, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर तुम्ही आईला पोचवून घरी परतला होतात. अधीक्षक म्हणाले, "आता जाऊन काय करणार, साहेब?" मी परवानगीचा कागद घेऊन बराकीत परत आलो. पंधरा वर्षं विधानसभेत काढलेला माणूस साधा वाद न घालता परत आला, लिहून ठेव.

ताई, मी भाषणांवर निवडून येत नव्हतो, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधत होतो तेव्हापासून गावातल्या प्रत्येक मयताला गेलो. कुणाचंही असो. मागे उभा राहायचो, हार नाही, फोटो नाही, वेळ आली की खांदा द्यायचो. आणि महिन्यानं परत जायचो, जेव्हा त्या घरी कुणी फिरकत नसतं. आमदार झालो, राज्यमंत्री झालो, तरी हे सोडलं नाही. आणि माझ्या आईच्या वेळी मी इथे बराकीत वरणाचं भांडं घासत होतो.

एकच सांग. कोण कोण आलं होतं? सविस्तर लिही. आळस करू नकोस.

पत्र आधी इथला कारकून वाचतो. त्याचं अक्षर तुझ्याहून चांगलं आहे, म्हणून त्याला हसू येईल असं काही लिहू नकोस.

तुझा
बारक्या

९ मार्च

बारक्या,

तुझ्या कारकुनाला सांग, दिवसभर गणवेश शिवून बोटं आखडली की मंत्र्याच्या बहिणीचंही अक्षर असंच येतं. शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत. पुढच्या खोलीत निळ्या कापडाचे गठ्ठे आहेत आणि त्यांच्यामधून वाट काढत मी फिरते.

तू विचारलंस कोण आलं. अरे, कोण नाही आलं असं विचार. दारापासून चौकापर्यंत माणसं होती. आपल्या जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता, शेजारचे घड्याळवाले बिचारे त्या बाजूला करत बसले. बायका होत्या, म्हातारी माणसं होती. सगळे तुझी चौकशी करत होते. आईला काही कमी पडलं नाही.

तू जेवत जा. इथली काळजी करू नकोस. मागच्या वेळी पाठवलेला स्वेटर बाह्यांत आखूड झाला असेल तर तसं कळव, उगाच ओढून ताणून घालू नकोस.

ताई

१४ मार्च

ताई,

तुझं पत्र चारदा वाचलं. मग तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहिलो. बराकीतल्या माणसांना वाटलं साहेबांना झोप लागली.

आता मला नीट सांग. माणसं होती म्हणजे कोणती? तुला गर्दीतलं काही कळत नाही, तुझं लक्ष सगळ्यांच्या शिलाईकडे. म्हणून मी विचारतो तेवढ्याला उत्तर दे. बाजारातली दुकानं बंद होती का, की अर्धं शटर ओढलेलं होतं? अर्धं शटर म्हणजे भीती, पूर्ण शटर म्हणजे मान. व्यापारी संघाचे अध्यक्ष स्वतः आले की मुलाला पाठवलं? बायका रस्त्यावर उतरल्या होत्या की गॅलरीतून बघत होत्या? खालच्या वस्तीतलं कोणी होतं का? आणि आमचा मास्तर? माझ्याकडून निवडणुकीत तीनदा पडलेला माणूस, त्याला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या असतील.

उगाच विचारत नाही. परवा पक्षाचे सरचिटणीस मला भेटून गेले. येताना सफरचंदं आणली होती, तेव्हाच ओळखलं काहीतरी मागायला आलेत. मे महिन्यात निवडणूक आहे. म्हणाले, या वेळी तुम्ही उभं राहू नका, गोदामाच्या प्रकरणात कुणाचं नाव घेऊ नका, मग सरकारी वकील तुमच्या जामिनाला विरोध करणार नाहीत. एप्रिलअखेर घरी. मी म्हटलं विचार करून सांगतो.

रेशनच्या गोदामाचं कंत्राट ज्याला द्यायला त्यांनी सांगितलं त्याला मी दिलं. सही माझी, छप्पर गळलं ते माझं, धान्य सडलं ते माझं. आणि आता मी घरी जाऊन गप्प बसायचं. खरं सांगतो, तुझं पत्र येईपर्यंत हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं. थकलोय मी.

उत्तर लवकर दे.

बारक्या

२० मार्च

बारक्या,

हो म्हण. आधी हे लिहिते, मग बाकीचं. सरचिटणीस नालायक असतील, पण एप्रिलअखेर घरी आलास तर मला दुसरं काही नको. आईची खोली रिकामी आहे, तिथे खिडकीपाशी हवा चांगली येते. पंधरा वर्षं मतदारसंघाचा संसार केलास, आता दोन दिवस बहिणीकडे राहा. भांडायला तरी कुणी पाहिजे मला.

तुझे प्रश्न. शटरं बंद होती, पूर्ण. अध्यक्ष स्वतः आले होते, बराच वेळ थांबले, डोळे पुसत होते. बायका खाली उतरल्या होत्या. खालच्या वस्तीतली माणसंही होती, त्यांची नावं मला येत नाहीत. मास्तर आले होते. त्यांनी खांदा दिला, शेवटपर्यंत बदलला नाही. तुझा जुना ड्रायव्हर पण होता.

झालं समाधान? आता सरचिटणिसांना हो म्हणून कळव आणि मला तारीख सांग. पडदे धुवायला काढते.

ताई

२७ मार्च

ताई,

पडदे राहू दे.

मास्तरानं खांदा दिला हे वाचलं आणि मी उठून उभाच राहिलो. तू किती सहज लिहिलंस! तुला कळतंय का त्याचा अर्थ? मास्तर आयुष्यात हवा बघितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. माझ्या आईला भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत तो खांदा देतो, याचा अर्थ गावाचं मन कुठे आहे ते त्यानं आधीच ओळखलंय. अध्यक्षांचे अश्रू मी धरत नाही, ते उद्घाटनालाही रडतात. पण पूर्ण शटर, रस्त्यावर उतरलेल्या बायका आणि मास्तर! मी पंधरा वर्षं हेच वाचत आलो. सभेला माणसं गाडीत भरून आणता येतात, मयताला नाही.

सरचिटणिसांना नाही म्हणून कळवलं. मी अपक्ष उभा राहतोय. अर्जावर अधीक्षकांसमोर सही केली. ते म्हणाले, "साहेब, पुन्हा एकदा विचार करा." मी म्हटलं, विचार गावानं केलाय, मी फक्त सही करतोय.

ज्यांनी माझ्या पाठीमागे आईला असं पोचवलं, त्यांना पाठ दाखवून मी आईच्या खोलीत हवा खात बसू? रागावू नकोस. घरी यायचंच आहे, पण मागच्या दारानं नाही.

ड्रायव्हरला निरोप दे. जीप बाहेर काढ म्हणावं.

तुझा
बारक्या

७ एप्रिल

बारक्या,

परवा तुला भेटून आले. सबंध दिवस बसमध्ये एकच वाक्य घोकत होते. जाळीपलीकडे तू आलास तो दाढी करून, केस विंचरून, त्या आखूड स्वेटरवर जाकीट चढवून. भोवती चारपाच जण "साहेब, साहेब" करत होते. तू हसत होतास. आई गेल्यापासून नव्हे, तुला पकडून नेलं तेव्हापासून मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं. भेटीची वेळ संपली आणि मी नुसती मान हलवून बाहेर पडले.

म्हणून आता लिहिते. बसून वाच.

आईला पोचवायला कोणी आलं नव्हतं.

मी होते, घड्याळवाले होते, ड्रायव्हर होता. शववाहिकेबरोबर नगरपालिकेचे दोघं आले होते, त्यातल्या एकाचा हात प्लॅस्टरमध्ये. आईला जिन्यावरून खाली आणायला चौथा माणूस मिळेना. ड्रायव्हर समोरच्या तीन घरांत जाऊन आला. एका घरातून टीव्हीचा आवाज येत होता, त्यानं दार वाजवलं आणि तो आवाज बंद झाला. बस, एवढंच. दार उघडलं नाही. मी जिन्यात उभी होते आणि तेवढ्यात मास्तर छत्री टेकत आले. कुणी बोलावलं नव्हतं. वर बघून म्हणाले, "चौथा मी." गुडघ्याचं दुखणं आहे त्यांना, तरी शेवटपर्यंत खांदा बदलला नाही, कारण बदलायला माणूस नव्हता. हवा बघून आले नव्हते रे ते.

शटरं उघडी होती. बाजारचा दिवस होता.

तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, हा तिथे एकटा आहे, चार माणसं जास्त सांगितली तर काय बिघडतं? मग तू अध्यक्ष विचारलेस, बायका विचारल्यास, वस्ती विचारलीस. मी एकाला एक ठिगळ लावत गेले. तू त्याच्यावर मतं मोजशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि लोक घाबरून आले नाहीत अशी समजूत करून घेऊ नकोस. घाबरलेले थोडे असतील. बाकीचे रागावलेले आहेत. त्या हिवाळ्यात गोदामातलं सडकं धान्य सगळ्या गावानं खाल्लं. आपणही खाल्लं, पाखडून पाखडून. ज्यांची मुलं दवाखान्यात पडून होती त्यांना कंत्राट कुणी द्यायला सांगितलं याच्याशी काय करायचंय? त्यांनी सही बघितली.

अर्ज मागे घे. सरचिटणिसांना कळव, चूक झाली म्हण. अजून वेळ आहे.

ताई

१२ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. सरचिटणिसांना माझा नमस्कार सांग.

तुझ्यावर मी रागावलो नाही. घरी येऊन कोण बसलं होतं तेवढं फक्त सांग. तेच स्वतः, की त्यांनी कुणाला पाठवलं? काय म्हणाले, शाळांच्या ऑर्डरी काढून घेऊ? घर पालिकेच्या जागेत येतं? अशी पत्रं कशी लिहून घेतात ते मला शिकवू नका म्हणावं त्यांना. आमच्याच पक्ष कार्यालयात ती तयार होतात. समोर बसून मजकूर सांगायचा नसतो, नुसतं सुचवायचं असतं, माणूस घाबरला की आपल्या मनानं छान लिहितो. प्लॅस्टरमधला हात, टीव्हीचा आवाज! तू आयुष्यात कधी पत्रात असलं लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात माझ्या जेवणाबद्दल एक ओळ असते आणि एक टोमणा असतो. या पत्रात दोन्ही नाही.

आणि खरं असतं तर समोर आलीस तेव्हाच बोलली असतीस. अर्धा हात अंतर होतं आपल्यात. तू मान हलवलीस. मी तुझ्याकडे बघत होतो, ताई, ती मान "उभा राहा" म्हणत होती. मग घरी गेलीस आणि दोन दिवसांत हे पत्र.

मास्तराला चौथा करायची कल्पना मात्र झकास आहे. कुणाची का असेना, त्याला माझ्यातर्फे शाबासकी दे.

घाबरू नकोस. निवडून आलो की सगळ्यात आधी तुझ्या दाराशी माणूस उभा करतो. निशाणी म्हणून मी शिडी मागितली आहे, तीच मिळेल. ती लक्षात ठेव.

बारक्या

१६ एप्रिल

बारक्या,

घरी कुणी आलं नाही. कुणी आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतकं कुणी येत नाही.

तुला पटावं म्हणून काय लिहू ते मला समजत नाही. टोमणा हवा असेल तर हा घे: गावातल्या प्रत्येक माणसाचं मन ओळखणाऱ्या माझ्या भावाला बहीण खोटं कधी बोलते आणि खरं कधी, तेवढं ओळखता आलं नाही. जेवत जा.

अर्ज मागे घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. घड्याळवाल्यांनी तुमच्या अधीक्षकांना फोन करायचा प्रयत्न केला, त्यांनी घेतला नाही. मी पुन्हा येणार होते, पण कमरेनं दगा दिला आहे, मशीनवर बसवत नाही, कापडही उभ्यानंच कापते.

ड्रायव्हरनं जीप काढली आहे. मी त्याला खरं काय ते विचारलं, तुला काही आशा वाटते का? तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं, मग काढायची." तो रोज शिडीचं चित्र लावून गावातून फिरतो. मी खिडकीतून बघते. मागे एकही माणूस नसतो, भोंगा मात्र वाजत असतो.

माझं मत तुला आहे. बाकी कुणाचं धरू नकोस.

ताई

२ जून

ताई,

दीड महिना लिहिलं नाही. मतदानापर्यंत राग म्हणून आणि नंतर तोंड नव्हतं म्हणून.

निकाल अधीक्षकांनीच सांगितला. पुन्हा खुर्ची पुढे केली. अनामत गेली. आकडे केंद्रवार मागवून घेतले, जुनी सवय. आपल्या गल्लीतल्या केंद्रावर मला जेवढी मतं पडली तेवढी माणसं आपल्या स्वयंपाकघरात उभी राहतील, आणि स्टोव्हजवळ जागा उरेल. ते आकडे बघितले आणि तुझं सात एप्रिलचं पत्र पुन्हा काढलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे हे मला आकड्यांनी सांगितलं. तू सांगितलंस तेव्हा नाही कळलं.

जामीन नाकारला. सरकारी वकील बराच वेळ बोलले, चांगलं बोलले. खटला कोर्टाच्या सुट्टीनंतर उभा राहील आणि माझ्या वकिलांच्या चेहऱ्यावरून वाटतं की मी लवकर घरी येत नाही. आईच्या खोलीत तुझे कापडाचे गठ्ठे ठेव. उगाच जागा अडवून काय करायची?

मास्तरांना मी पत्र लिहायला बसलो. तीनदा बसलो. "प्रिय मास्तर" च्या पुढे जात नाही. ज्या माणसाच्या आईच्या वेळी मी गेलो होतो तो माझ्या आईच्या वेळी आला, एवढं साधं होतं ते. आणि मी त्यातून काय काढलं!

गेले काही दिवस एक गोष्ट मला झोपू देत नाही. सगळ्यांच्या घरी जाऊन मी पहिला प्रश्न एकच विचारायचो. खाली बसायचो आणि विचारायचो, कशी गेली? शेवटी काही त्रास झाला का? कुणी शिकवलं नव्हतं मला ते, डॉक्टरांकडे असताना आपोआप तोंडात बसलं. माणसं मग बोलायची, मोकळी व्हायची. तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसलोय. माझी मला आठवतात. शटरं विचारली, गॅलऱ्या विचारल्या, अध्यक्ष विचारले.

ताई, आई कशी गेली?

बारक्या

८ जून

बारक्या,

पत्र आल्यावर मी मशीन बंद केली आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. शाळेची माणसं गणवेश न्यायला येऊन परत गेली असतील. उद्या येतील.

आदल्या दिवसापासून तिला अन्न नको होतं. ताप नव्हता, धाप होती. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वय झालंय, दवाखान्यात नेऊन हाल करू नका. रात्र बरी गेली. सकाळी चमच्यानं चहा पाजला, दोन चमचे घेतले, तिसरा ओठावरून ओघळला तर स्वतःच पदरानं पुसला. मी उशी सारखी करायला गेले तर म्हणाली, "उलटी कर, गार बाजू वर घे." मी उलटी केली. तिनं गाल टेकला आणि "हं" म्हणाली, उन्हातून घरात आल्यावर म्हणायची तसं. मी बाहेरच्या खोलीत एक सदरा बेतायला गेले, कापडावर खडूनं खुणा करून परत आले, तेव्हा ती गेली होती. त्रास झाला असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. डोळे मिटलेले होते, मला मिटावे लागले नाहीत.

शेवटी तिनं तुझं नाव घेतलं असं लिहिणं मला अवघड नव्हतं. पेन उचललं तेव्हा ते वाक्य आधी आलं. पण नाही घेतलं तिनं. माझंही नाही घेतलं. उशीचं बोलली तेवढंच.

तुझी
ताई